इंग्लिशमधलं ‘शेम करणं’ इटालियनमध्ये नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडची एक मुलगी क्रूझ शिपवर क्रू ऑफिसला आहे, वरचे ऑफिसर बरेचसे इटालियन, आणि तिला वागणुकीच्या नियमांचं इंग्लिश पत्रक इटालियनमध्ये करायला दिलंय. त्यात शेम, ह्युमिलिएट, एम्बॅरस, कॉल आउट, नेम अँड शेम, बॉडी शेम, गिल्ट ट्रिप अशी सगळी मंडळी हजर. तिने डिक्शनरी बघून बहुतेक ठिकाणी ‘स्वेर्गोन्यारे’ घातलं, पर्सर, म्हणजे जहाजावरचा हिशेब आणि कागदपत्रं बघणारा ऑफिसर, वाचून हसला आणि का हसला ते काही बोलला नाही. तर स्वेर्गोन्यारेत चुकलं काय, आणि प्रत्येक इंग्लिश क्रियापदाला एक पक्का इटालियन शब्द ठरवून टाकता येईल का, असं ती विचारतेय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही येणार. मी आधी जहाजावर आणि नंतर मालवणला घरी बसून याच दोन भाषांमध्ये काम करत आलोय, सबटायटल, एचआरचे कागद, हॉटेलांच्या सूचना, शेवटचा हात नेहमी इटालियन माणसाचा फिरवून घेतो कारण आपली ती मातृभाषा नव्हे. पण या एका विषयात आपल्याला एक फायदा आहे जो इंग्रजाला नाही. लाज या बाबतीत मराठी आणि इटालियन एकमेकींच्या खूप जवळ आहेत, इंग्लिश लांब आहे. म्हणून माझा सल्ला असा की इंग्लिशवरून सरळ इटालियनवर उडी मारू नकोस, वाक्य आधी मराठीत बोलून बघ, तेही पुस्तकी मराठीत नाही, तुझी आई बोलेल त्या मराठीत. ‘त्याने तिला शेम केलं’ असं न म्हणता काय केलं ते सांग: लाजवलं, की खजील केलं, की पाणउतारा केला, की चारचौघांत फजिती केली, की अब्रू काढली, की तोंडाला काळं फासलं? हे ठरलं की इटालियन शब्द जवळपास आपोआप सापडतो.

मूळ क्रियापद बघ. ‘वेर्गोन्यार्सी’, म्हणजे लाजणं, लाज वाटणं. शेवटचं ‘सी’ म्हणजे क्रिया स्वतःशीच आहे. इंग्लिशमध्ये शेम हे एकाने दुसऱ्याला करायचं काम आहे, इटालियनमध्ये लाज आधी आपल्या आपल्याला वाटते, अगदी ‘मला लाज वाटते’सारखं. आणि पुढची गंमत, इंग्लिशमध्ये शाय वेगळं आणि अशेम्ड वेगळं, पण ‘सी वेर्गोन्या आ कांतारे’ म्हणजे ती गायला लाजते. गुन्हा काही नाही, नुसती लाजते. आपणही दोन्हीला लाजच म्हणतो. ‘वेर्गोन्योझो’ हा शब्द कृत्याला लावला तर लाजिरवाणं, लहान पोराला लावला तर लाजरं. इतकंच काय, अनेकवचनात ‘ले वेर्गोन्ये’ म्हणजे जुन्या इटालियनमध्ये शरीराचे झाकायचे भाग, आपण ‘लाज झाकायला कपडा’ म्हणतो ना, नेमकं तेच. इंग्लिश माणसाला हे समजवायला अर्धा तास जातो.

आता दुसऱ्याला लाज आणायची तर मराठी काय करते, लाजणेचं लाजवणे करते. इटालियन तेच काम ‘फारे’, म्हणजे करणे, हे क्रियापद पुढे लावून करते: ‘फार वेर्गोन्यारे’. (हे फार आपलं फार नव्हे, फारेचं तोकडं रूप आहे.) इथे एक बारीक व्याकरण आहे जे बऱ्याच जणांचं चुकतं: फारे लागलं की ‘सी’ गळतो. ‘लो फात्तो वेर्गोन्यारे’ म्हणजे मी त्याला लाजवलं, तिथे वेर्गोन्यार्सी म्हणायचं नाही. बाई असेल तर फात्तोचं ‘फात्ता’ होतं. आणि ज्याला लाजवलं तो सरळ कर्म म्हणून येतो, ‘त्याला’साठी ‘ल्यी’ नाही तर ‘लो’ लागतो. फारेशिवाय नुसतं ‘वेर्गोन्यारे’ दुसऱ्याला लाजवण्यासाठी आजच्या बोलण्यात वापरत नाहीत, ट्रान्सलेशन अ‍ॅपने दिलं तरी घेऊ नकोस. फार वेर्गोन्यारेचं पॅसिव्हही करू नकोस, ‘एस्तातो फात्तो वेर्गोन्यारे’ व्याकरणात बसवता येतं पण कानाला खडा लागतो. ‘ही वॉज शेम्ड’ आलं की दुसरं क्रियापद शोधायचं.

बरं, पर्सर का हसला. स्वेर्गोन्यारे हे क्रियापद खरंच आहे, अर्थ चारचौघांत उघडं पाडणं, अब्रू काढणं. डिक्शनरी खोटं बोलत नाही. घोळ होतो त्याच्या कृदंतात. ‘स्वेर्गोन्यातो’ किंवा ‘स्वेर्गोन्याता’ हे इतकी वर्षं विशेषण म्हणून चाललंय की ऐकणाऱ्याला पहिला अर्थ लागतो निर्लज्ज. म्हणजे ज्याची लाज काढली तो नाही, ज्याला लाजच उरली नाही तो. आजी नातीला ओरडते ‘स्वेर्गोन्याता!’ म्हणजे आपल्याकडचं ‘मेले, लाज नाय तुका?’ त्याच जातीतलं. आता तू पत्रकात लिहिलं असणार की ‘शेम्ड झालेल्या कर्मचाऱ्याने एचआरकडे यावं’, आणि इटालियनमध्ये ते झालं ‘निर्लज्ज कर्मचाऱ्याने एचआरकडे यावं’. मीही हसलो असतो. बातमीच्या मथळ्यात तर हे हमखास होतं, ‘पॉलिटिशियन शेम्ड’चं स्वेर्गोन्यातो केलं की पुढाऱ्याची बाजू मांडणारी बातमी पुढाऱ्याला शिवी होऊन बसते. शिवाय स्वेर्गोन्यारेला थोडा जुना, नाटकी वास आहे. पडदा ओढून ढोंग्याला उघडं पाडणं, असा. ज्याची लाज काढली त्याने काहीतरी पाप केलंय असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ऑफिसमध्ये वजनावरून कुणाला टोमणे मारले तर त्या बिचाऱ्याने काय पाप केलंय? म्हणून तिथे हा शब्द दुप्पट चुकीचा.

मी स्वतः काम करताना पहिला प्रश्न विचारतो तो बघ्यांचा, बघणारं कोणी होतं का. इटालियनमधला लाजेचा निम्मा शब्दसंग्रह बघ्यांवर उभा आहे. कोणी नसताना साहेबाने केबिनमध्ये बोलावून झापलं, माणूस खजील झाला, तर ‘मोर्तिफिकारे’ किंवा ‘उमिल्यारे’ पुरतं, पाणउतारा करणं. चार माणसं असतील तर शब्द बदलतात, मग येते ‘फिगूरा’. फिगूरा म्हणजे लोकांत आपण कसे दिसतो ते, ‘ब्रुत्ता फिगूरा’ म्हणजे वाईट दिसणं, आणि ‘फिगुराच्चा’ म्हणजे सरळ फजिती, नाचक्की. ‘यू एम्बॅरस्ड मी इन फ्रंट ऑफ द गेस्ट्स’ हे आई म्हणेल ‘पाव्हण्यांसमोर लाज आणलीस मला’, आणि इटालियन आई म्हणेल ‘मी आय फात्तो फारे उना फिगुराच्चा’. शब्दाला शब्द जुळत नाही पण दोघी एकाच सुरात बोलतात. ‘इंबारात्सारे’ आहे, पण त्यापेक्षा ‘मेत्तेरे इन इंबारात्सो’ जास्त चालतं आणि ते सौम्य आहे, अवघडल्यासारखं करणं. इंबारात्सो पोटालाही होतो बरं का, जड जेवणानंतर.

याच्यापुढची पायरी म्हणजे गाव जमवून. इथे माझा लाडका वाक्प्रचार आहे ‘मेत्तेरे इन पियात्सा’. पियात्सा म्हणजे गावचा चौक, आणि अर्थ चव्हाट्यावर मांडणं. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आपल्याकडे चव्हाटा ही खरीच जागा असते गावात, देवाचं ठिकाण असतं ते. घरचं भांडण, कोणाचं कर्ज, कोणाची भानगड चारचौघांत नेली की मेत्तेरे इन पियात्सा. त्याहून कडक हवं तर ‘मेत्तेरे आल्ला गोन्या’ आणि ‘मेत्तेरे आल्ला बेर्लीना’. गोन्या म्हणजे गुन्हेगाराच्या गळ्यात अडकवायचं लोखंडी कडं, बेर्लीना म्हणजे त्याला लोकांसमोर उभं करायची शिक्षा. (बेर्लीना म्हणजे सेडान गाडी पण, तेव्हा गाड्यांच्या मजकुरात डोळे उघडे ठेव.) आजच्या पेपरात ‘गोन्या मेदियातिका’ रोज दिसतं, मीडियाने कोणाला तरी सुळावर चढवलं अशा अर्थी, आणि सोशल मीडियावरच्या पब्लिक शेमिंगला मी बहुतेक वेळा तेच वापरतो.

हे शब्द वाऱ्यावरून आलेले नाहीत. पादोवा शहरात पालात्सो देल्ला राजोने नावाचा जुना प्रचंड सभागृहाचा वाडा आहे, त्यात एक काळा दगड अजून ठेवलाय, पिएत्रा देल वितुपेरियो, म्हणजे निर्भर्त्सनेचा दगड. कर्ज बुडवणाऱ्याला सदरा आणि चड्डीवर आणून त्या दगडावर तीनदा बसवायचे, दरवेळी त्याने लॅटिनमध्ये म्हणायचं की माझी मालमत्ता मी सोडली, आणि नंतर शहराबाहेर काढायचे. बघायला किमान 100 माणसं हवीत असा नियम होता म्हणतात. बघे नसतील तर शिक्षाच पुरी होत नाही! आणि गंमत म्हणजे ही दया होती. आधी कर्जदाराला तुरुंगात सडवायचे, 1231 मध्ये संत अंथनीच्या रदबदलीने ते बदललं, तोच सेंट अँथनी ज्याच्या नावाने आपल्या किनाऱ्यावरच्या ख्रिश्चन घरांत मेणबत्ती लागते. इटालियनमध्ये कंगाल होण्याला ‘रेस्तारे इन ब्रागे दी तेला’ म्हणतात, कापडी चड्डीवर उरणं, ते या दगडाशी जोडतात. आपण लंगोटीवर येणं म्हणतो.

फ्लॉरेन्समध्ये तर चित्रं काढायचे. गद्दार, दिवाळखोर, पळून गेलेला, हाताला लागत नसेल तर त्याचं चित्र सरकारी इमारतीच्या भिंतीवर, बऱ्याचदा उलटं टांगलेलं. पित्तुरे इन्फामांती, बदनामीची चित्रं, म्हणायचे त्याला. 1478 च्या पाझ्झी कटानंतर, म्हणजे तिथल्या मेदिची घराण्याविरुद्धच्या कटानंतर, हे काम चित्रकार बोत्तिचेल्लीला दिलं होतं, हो तोच, शिंपल्यातल्या व्हीनसवाला. त्यातला ‘इन्फामारे’, बदनाम करणं, हा शब्द अजून आहे पण जड आहे, कोर्टाच्या किंवा इतिहासाच्या मजकुरातच शोभतो.

आता गोन्याबद्दल एक गोष्ट जी डिक्शनरीत मिळत नाही. गोन्या म्हणणारा माणूस त्या प्रकाराच्या विरोधात असतो. ‘त्यांना गोन्यावर चढवलं’ म्हटलं की बोलणाऱ्याला ते अन्यायाचं वाटतंय असं ध्वनित होतं. म्हणून इंग्लिशमधलं ‘नेम अँड शेम’ कोण म्हणतंय ते बघ. ब्रिटिश सरकार किमान वेतन न देणाऱ्या मालकांची नावं जाहीर करतं आणि तिथले लोक त्याला अभिमानाने नेम अँड शेम म्हणतात. त्या मजकुरात गोन्या घातलं तर सरकारच स्वतःला शिव्या देतंय असं वाटेल. तिथे साधं लिहावं, नियम न पाळणाऱ्यांची नावं प्रसिद्ध करणं. बोलीत हवं असेल तर ‘फारे नोमी ए कोन्योमी’, नाव आणि आडनाव घेणं, हे छान बसतं, त्यात धमक आहे आणि कोणाची बाजूही घेतलेली नाही. आपल्या होळीच्या बोंबांसारखं नाव घेऊन उद्धार करायचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

कॉल आउटसाठी कृपा करून ‘क्यामारे फ्वोरी’ असं शब्दाला शब्द लिहू नकोस. ‘क्यामार्सी फ्वोरी’ म्हणजे अंग काढून घेणं, बरोबर उलटं. चूक नजरेस आणणं असेल तर ‘फार नोतारे’, जाहीर आवाज उठवणं असेल तर ‘देनुंचारे पुब्लिकामेंते’, आणि तोंडावर सुनावणं असेल तर एक मस्त वाक्प्रचार आहे, ‘दिर्ने क्वात्त्रो’, शब्दशः चार सांगणं. आपण चार शब्द सुनावतो, तेही चारच सुनावतात, तीन नाही पाच नाही. ‘ल्येने ओ देत्ते क्वात्त्रो’, दिल्या त्याला चार सुनावून. हे सबटायटलला चालेल, पत्रकाला नाही.

कायद्याच्या कडेला जाणारा मजकूर असेल तर इथेही बघे आडवे येतात. इटालियन दंडसंहितेचं कलम 595 ‘दिफामात्सियोने’, म्हणजे माणूस तिथे हजर नसताना एकाहून जास्त लोकांजवळ त्याची बदनामी. तोंडावर अपमान केला तर ती ‘इंजूरिया’, कलम 594, ते 2016 मध्ये फौजदारीतून काढून टाकलं, आता दिवाणी मामला आहे. म्हणजे तोंडावर अपमान आणि पाठीमागे बदनामी, आपल्या आज्या करतात तोच भेद. पत्रकात गेस्टसमोर कोणाला टाकून बोलण्याबद्दल दिफामारे लिहिलंस तर वकिलाच्या कपाळाला आठी पडेल.

बॉडी शेमिंगचं सोपं आहे, इटालियनांनी शब्दच उचललाय, ‘इल बॉडी शेमिंग’, पुल्लिंगी, आणि क्रियापद करायचं तर ‘फारे बॉडी शेमिंग’, आपण बॉडी शेमिंग करणं म्हणतो तसंच. शुद्धतेवाले कुरकुरतात, फ्लॉरेन्सची आकादेमिया देल्ला क्रुस्का 1583 पासून भाषेची राखण करतेय आणि 2015 पासून त्यांचा इंचीपित नावाचा गट नव्या इंग्रजी शब्दांना इटालियन पर्याय सुचवतो, पण तरुण पोरं जे बोलतात ते बोलतात. मला स्वतःला पत्रकात ‘दिसण्यावरून खिल्ली उडवणं’ असं उलगडून लिहिलेलं आवडतं, ‘देरीदेरे पेर ल’आस्पेत्तो फीझिको’, कारण बोटीवरचा साठीचा इंजिनियरही ते वाचणार आहे. हलकी थट्टा असेल तर ‘प्रेंदेरे इन जीरो’.

शेम आणि ब्लेम यांची सरमिसळ इंग्लिश बिनधास्त करतं, इटालियन नाही. गिल्ट ट्रिप म्हणजे लाज नव्हे, अपराधी वाटायला लावणं, त्याला ‘फार सेंतीरे इन कोल्पा’, आणि कागदोपत्री ‘कोल्पेवोलिद्झारे’. पीडितेलाच दोष देणं म्हणजे कोल्पेवोलिद्झारे ला वित्तिमा, तिथे वेर्गोन्या आणू नये. आणि ‘दिझोनोरारे’, बेअब्रू करणं, हा शब्द बाईच्या संदर्भात अजिबात नको. इटलीत इज्जतीपायी केलेल्या खुनाला कमी शिक्षा देणारा कायदा 1981 पर्यंत होता, त्या काळाचा वास त्या शब्दाला अजून आहे.

शिव्यांच्या बाजूला ‘स्पुत्तानारे’ उभं आहे. मुळात वेश्येसाठीचा अपशब्द आहे त्यात, अर्थ एखाद्याची अब्रू धुळीला मिळवणं. इटालियन लोक जेवताना सहज वापरतात म्हणून आपणही वापरावं असं नाही, पण सिरियलमध्ये पात्र खवळून इंग्लिशमध्ये कोणाचं नाव खराब केल्याचं बोलत असेल आणि तू तिथे उमिल्यारे घातलंस तर पात्र शाळामास्तर वाटेल. इंटरनेटवर ‘ब्लास्तारे’ पण ऐकशील, कॉमेंटमध्ये एखाद्याला धुणं.

मॉर्टिफायवर सगळे अडखळतात. इंग्लिशमध्ये ‘आय वॉज मॉर्टिफाइड’ म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं. इटालियनमध्ये ‘सोनो मोर्तिफिकातो’ ही बहुतेक वेळा माफी असते, मला फार वाईट वाटतंय, क्षमस्व. हॉटेलच्या पत्रात ते छान दिसतं. इंग्लिशवाला अर्थ हवा तर ‘वोलेवो स्प्रोफोंदारे’, जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि हे तर सीतामाईपासून आपलंच आहे, धरणीने पोटात घ्यावं. तसंच ‘व्हॉट अ शेम’ हळहळ असेल तर ‘के पेक्कातो’. पाहुणा म्हणाला आजारी आहे, येऊ शकत नाही, आणि तू म्हणालीस ‘के वेर्गोन्या’, किती लाजिरवाणं, तर तो परत कधीच येणार नाही.

मराठीवरून जाताना एका जागी मात्र पाय घसरतो. ‘तरुणालाही लाजवेल असा उत्साह’ किंवा ‘त्याच्या घरासमोर आमचं घर लाजेल’ यात आपण लाजेचाच शब्द वापरतो, इंग्लिशही पुट टू शेम म्हणतं, दोन्ही जुळतात म्हणून वाटतं की फार वेर्गोन्यारे चालेल. नाही चालत. तिथे ‘फार स्फिगुरारे’, समोरच्याला फिकं पाडणं, किंवा उत्साहाच्या बाबतीत ‘विशीतल्या पोराला हेवा वाटेल’ असं म्हणतात. आणि ‘शेम्ड हिम इंटू अपॉलोजायझिंग’ हे इंग्लिशचं एका दमात लाजवून-कामही-करून-घेणं इटालियनला जमत नाही. मराठीत ‘शेवटी लाजेकाजेस्तव माफी मागितली’ म्हणू, इटालियनमध्येही दोन तुकडे करायचे, इतकं लाजवलं की शेवटी माफी मागावी लागली.

तुझ्या पत्रकापुरतं सांगतो. वर मथळ्यात बुलिंग आलंय त्याला ‘मॉबिंग’ लिही, दिसायला इंग्लिश वाटतं पण कामाच्या जागेवरच्या छळाला इटलीत हाच शब्द आहे, ‘बुल्लीझ्मो’ म्हटलं की शाळेतली पोरं डोळ्यासमोर येतात. नियम देताना ‘तू’ आणि ‘आपण’च्या भानगडीत न पडता ‘नोन’, म्हणजे आपलं ‘नाही’, लावून मूळ क्रियापद ठेव. ‘सहकाऱ्यांना गेस्टसमोर शेम, एम्बॅरस किंवा कॉल आउट करू नका’ हे वाक्य मी असं करीन: नोन उमिल्यारे ने मेत्तेरे इन इंबारात्सो ई कोल्लेगी दावांती आल्यी ओस्पिती, आणि कॉल आउटचा तुकडा वेगळ्या वाक्यात, चुका असतील तर त्या खासगीत नजरेस आणाव्यात, ‘ल्यी एर्रोरी सी फान्नो नोतारे इन प्रिवातो’. स्वेर्गोन्यारे सगळीकडून काढ, आणि झालं की पर्सरला मोठ्याने वाचून दाखवायला सांग, जिथे तो वाचताना थांबेल किंवा परत हसेल तिथे खूण कर, मग ती वाक्यं इथे टाक, बघूया.